माथ्यावरचा गंज

खनिजांच्या शोधात रानोमाळ हिंडणारी जुनी माणसं कुदळ मारण्याआधी डोंगराचा माथा न्याहाळत. आजूबाजूचा सगळा दगड करडा किंवा काळा, आणि एखाद्याच टेकाडावर तांबूस-पिवळा, भोकाभोकांचा, हात फिरवला तर बोटांना गंज लावणारा दगड दिसला की तिथं त्यांचा मुक्काम पडे. कॉर्नवॉलच्या खाणकामगारांनी या दगडाला गॉसन म्हटलं, जर्मन खाणकामगार त्याला लोखंडी टोपी म्हणत. भूविज्ञानाची पुस्तकं लिहिली जाण्याच्या कितीतरी आधी ही ओळख त्यांच्या डोळ्यांत मुरलेली होती.

त्यामागचं रसायन समजायला अवघड नाही. तांबं, शिसं, जस्त, चांदी हे धातू जमिनीच्या पोटात बहुधा गंधकाशी बांधलेले असतात, आणि त्यांच्या सोबतीला लोखंड व गंधक यांचं पिवळं चकचकीत पायराइट असतं. वरची जमीन झिजून असा साठा उघड्यावर आला की त्यात पाणी आणि हवा शिरते, गंधकाचं आम्ल तयार होतं आणि ते तांबं-जस्त विरघळवून खाली घेऊन जातं. लोखंड मात्र प्राणवायू भेटला की तिथल्या तिथं गंजून घट्ट बसतं. वर उरतो तो गंजाचा थर. वाहून गेलेला धातू खाली भूजलाच्या पातळीजवळ पुन्हा साचतो, कधी कधी मूळ साठ्याहूनही दाट. म्हणून माथ्यावर गंज दिसला की पोटात धातू असण्याची शक्यता असते.

ऑस्ट्रेलियात १८८३ साली मेंढ्यांच्या एका मोठ्या कुरणाच्या हद्दीवर घोड्यावरून फिरणाऱ्या चार्ल्स रॅस्प नावाच्या राखणदाराने एका काळपट, ओबडधोबड टेकडीवरचा दगड उचलला. त्याला वाटलं, कथील असावं. तिथं निघालं शिसं, चांदी आणि जस्त, आणि ब्रोकन हिल हे नाव जगभर गेलं. आपल्याकडे राजस्थानात भिलवाडा जिल्ह्यातल्या रामपुरा-आगुचा इथं १९७७ साली अशाच गंजक्या माथ्याने वाट दाखवली. आज ती जगातल्या सर्वांत मोठ्या जस्त-खाणींपैकी एक आहे.

हे सगळं मी वाचलं तेव्हा डोळ्यांपुढे आले ते साताऱ्याचे डोंगर. मी सांगलीचा. कृष्णाकाठच्या काळ्या रानात वाढलेल्या माणसाला माती म्हणजे काळीच माहीत असते. पावसात चपलेला किलोकिलोने चिकटणारी, उन्हाळ्यात मनगट जाईल एवढ्या भेगा पडणारी. पहिल्यांदा महाबळेश्वरचा घाट चढलो आणि वर रस्त्याच्या कडेची सगळी भिंतच तांबडीलाल दिसली, तेव्हा आपण दुसऱ्याच मुलखात आलो असं वाटलं होतं. पुढे पाचगणीचा टेबललँड पाहिला, कासचं पठार पाहिलं, चाळकेवाडी, वनकुसवडे, शिराळा तालुक्यातलं गुढे-पाचगणी पाहिलं. सगळीकडे तेच. अंग काळ्या बसाल्टचं, पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेलं, आणि अगदी शेवटी, माथ्यावर, सपाट पसरलेला गंजलेला तांबडा थर. मग प्रश्न पडणारच, की आपल्या या माथ्यांखाली काय आहे?

उत्तर मिळालेलं आहे. कोयनेच्या भूकंपांचा अभ्यास करण्यासाठी शास्त्रज्ञांनी पाटण तालुक्यात गोठण्याजवळ तीन किलोमीटर खोल भोक पाडलं. २०१७ मध्ये ते काम पुरं झालं. सुमारे सव्वा किलोमीटरपर्यंत नुसता बसाल्ट, लाव्हाच्या थरावर थर. त्याखाली एकदम ग्रॅनाइट आणि नाइस, म्हणजे भारताच्या भूमीचा अतिप्राचीन पाया. ना तांब्याची शीर, ना जस्ताचा साठा. सातारा-सांगलीचा गंजका माथा कुठल्याही दडलेल्या धनाची खूण नाही. खरं सांगतो, हे कळल्यावर माझं त्याच्याविषयीचं कुतूहल दुप्पट झालं. कारण मग हा गंज आला कुठून, याचं उत्तर त्या थरातच शोधावं लागतं.

सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला आणि थिजला. या बसाल्टात निम्म्याच्या आसपास सिलिका, बाकीच्यात ॲल्युमिनियम, लोखंड, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम. पुढे लक्षावधी वर्षं त्यावर उष्ण, दमट हवेत पाऊस पडत राहिला. प्रत्येक पावसाने थोडं थोडं विरघळवून नेलं. आधी सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम गेलं, मागोमाग सिलिकाही गेली. पाण्याला दाद न देणारे दोनच उरले, लोखंड आणि ॲल्युमिनियम. चहा पुन्हा पुन्हा उकळून सगळा अर्क निघून गेल्यावर गाळणीत चोथा राहावा, तसा हा दगड माथ्यावर राहिला. उघड्यावर आला, वाळला, पुन्हा भिजला, पुन्हा वाळला, आणि या ओल-वाळीत इतका कडक झाला की त्याच्याखालच्या मऊ मातीला त्यानेच आजवर सांभाळलं. आपण त्याला जांभा म्हणतो. जांभ्याची शास्त्रीय ओळख जगाला १८०७ मध्ये फ्रान्सिस बुकानन याच्या मलबारच्या प्रवासवर्णनातून झाली. आपल्या लोकांनी मात्र तोवर शतकानुशतकं त्याचे चिरे काढून घरं बांधली होती.

चाळकेवाडीच्या वाटेवर रस्त्यासाठी जिथं माथा कापला आहे तिथं उभं राहून हा दगड पाहावा. वरचा हात-दोन हात भाग काळपट, कातळासारखा टणक, त्यावर करड्या दगडफुलाचे गोल डाग. ताज्या फुटलेल्या तोंडावर रंगांची गर्दी असते. जांभळट लाल, विटकरी, गेरूचा तांबडा, हळदीचा पिवळा, मध्येच फिकट पांढुरक्या मातीचे ठिपके. सगळ्या अंगातून वाकडीतिकडी भोकं गेलेली, कुठं करंगळी जाईल अशी, कुठं नुसती सुई. त्या भोकांच्या कडांना तकतकीत तपकिरी मुलामा असतो, तो लोखंडाचाच. तुकडा उचलला तर अपेक्षेपेक्षा जड भरतो. खाली खाली येत गेलं की दगड मऊ होतो, नखाने खरवडता येईल असा, आणि त्याखाली तांबडी-पिवळी माती येते, जिच्यात मूळ बसाल्टचे गोल गोल धोंडे अजून दिसतात. त्याच्याही खाली काळा दगड. दोन पुरुष उंचीच्या त्या कापात एका दगडाचं सगळं आयुष्य खालून वर वाचता येतं.

या गंजातून माणसांनी लोखंड काढलेलं आहे. महाबळेश्वर, बामणोलीच्या डोंगरांत धावड नावाची लोखंड गाळणारी माणसं राहत. १८८५ च्या सातारा जिल्हा गॅझेटियरमध्ये त्यांची नोंद आहे. जांभ्यातला लोखंडाने जास्तीत जास्त भरलेला, वजनदार दगड ते निवडून घेत, फोडत, मातीच्या लहान भट्टीत लाकडी कोळशाबरोबर थरावर थर घालत आणि चामड्याच्या भात्याने फुंकत राहत. भट्टीतून निघे तो लोखंडाचा मऊ गोळा. तो पुन्हा तापवून, घणाने ठोकून, त्यातली काळी मळी झटकून टाकून मग कुठं विळा-कोयत्याच्या कामाचं लोखंड मिळे. या धंद्याला दगडापेक्षा कोळसा जास्त लागतो. इंग्रजांनी जंगलं राखीव केली, कोळसा दुर्मीळ झाला, बाहेरून स्वस्त लोखंड आलं आणि भट्ट्या थंडावल्या. सह्याद्रीच्या इतिहासात आपण गड मोजतो, लढाया मोजतो. या भट्ट्यांचा इतिहास मात्र कुणी नीट लिहिला नाही, आणि ती उणीव मला फार मोठी वाटते. गडावरच्या तलवारीला धार लावणारा हात आपल्याला माहीत असतो, दगडातून लोखंड काढणारा हात कुठल्याच बखरीत येत नाही.

लोखंड गेलं आणि ॲल्युमिनियमचे दिवस आले. जांभ्यात जिथं लोखंड कमी आणि ॲल्युमिनियम जास्त साचलं तिथं तो बॉक्साइट होतो. कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरीच्या बाजूच्या पठारांवर बॉक्साइटच्या खाणी निघाल्या आणि बेळगावच्या कारखान्यात त्याचा ॲल्युमिना होऊ लागला. सातारा आणि सांगलीच्या माथ्यांवरही बॉक्साइट आहे, भूवैज्ञानिक नकाशांत तो दाखवलेला आहे. गॉसनखालचा धातू मिळवायला टोपी उचलावी लागते. इथं टोपीच खनिज आहे, त्यामुळे खाण म्हणजे माथाच नेणं. खड्डा भरून त्यावर माती पसरता येते, झाडं लावता येतात. जांभ्याचा थर पुन्हा बसवता येत नाही.

या थराविषयी भूवैज्ञानिकांमध्ये एक वाद आहे, आणि मला तो एखाद्या उत्तम कथेहून अधिक गुंतवून ठेवतो. बऱ्याच अभ्यासकांचं म्हणणं असं की हे सगळे सपाट माथे म्हणजे एकाच अखंड थराचे उरलेले तुकडे. लाव्हाचे प्रवाह थांबले तेव्हाचा दख्खनचा जो मूळ पृष्ठभाग, तोच कुजून जांभा झाला. नद्यांनी मधला भाग खाल्ला आणि पाचगणी, कास, पाटणचे माथे बेटांसारखे शिल्लक राहिले. माइक विडोसन आणि कॉक्स यांनी १९९६ साली याच थरांच्या आधाराने पश्चिम घाट कसा वर उचलला गेला याचा हिशेब मांडला. या म्हणण्याप्रमाणे आपण कासच्या पठारावर उभे राहतो तेव्हा दख्खनच्या अगदी वरच्या, शेवटच्या पानावर उभे असतो.

२००८ मध्ये क्लिफ ऑलिअर आणि आयआयटी मुंबईचे हेतू शेठ यांनी याच्या उलट मांडणी केली. ते म्हणाले, नकाशा नीट पाहा. हे थर एका सपाट चादरीचे कुठेही फाटलेले तुकडे असावेत तसे विखुरलेले नाहीत. ते लांबट, अरुंद, वळणं घेत गेलेल्या पट्ट्यांत आहेत, नद्यांच्या जाळ्याप्रमाणे. मग ते नद्यांच्या पात्रातच तयार झाले असले पाहिजेत. दोन्ही बाजूंच्या उतारांवरून पाण्याबरोबर विरघळलेलं लोखंड दरीच्या तळाशी येत राहिलं, तिथल्या कुजलेल्या दगडाला त्याने सांधलं, आणि दरीचा तळ आजूबाजूच्या डोंगरांहून कठीण झाला. पुढे झीज चालू राहिली तेव्हा मऊ डोंगर झिजून गेले आणि कडक तळ मागे राहिला. बाजूचं सगळं खचल्यावर तोच उंच दिसू लागला. म्हणजे आजचा माथा ही एका फार जुन्या नदीची तळजमीन.

कोण बरोबर हे ठरवण्याचा अधिकार माझा नाही. पण दुसरी मांडणी वाचल्यापासून बामणोलीच्या रांगेवरून चालताना माझी नजर बदलली आहे. एका हाताला कोयनेचं खोरं, शिवसागराचं पाणी. दुसऱ्या हाताला उरमोडीचं खोरं. आणि मधल्या उंच, चिंचोळ्या पठारावरून आपण चाललो आहोत ती कदाचित एखाद्या नदीची वाट. तिचे काठ आज हवेत आहेत. त्या काठांचे डोंगर वाळू-गाळ होऊन कधीच समुद्राला मिळाले. सखल तेच उंच झालं, केवळ गंजामुळे. धातूवर गंज चढला की तो वस्तू खातो हे आपण घराघरात पाहतो, पण या डोंगरांत जे गंजलं तेच टिकलं.

माथा टिकला म्हणून पाणी टिकलं. चाळकेवाडीच्या पुढे एका उन्हाळ्यात गुरं घेऊन बसलेल्या एका म्हाताऱ्या गुराख्याशी बोलत होतो. चहूकडे करपलेलं गवत आणि काळाठिक्कर सडा, म्हणजे जांभ्याचा उघडा, सपाट माथा. मी विचारलं, “आबा, इथं काहीच पिकत नाही का?”

“न्हाय वो पाव्हणं. दगुडच हाय समदा. नांगुर घालायचा कुटं?” मग काठीनं कड्याच्या बाजूला दाखवत म्हणाले, “पर पानी हितलंच जातंय खाली. ह्यो दगुड पितोय आन् सावकास सोडतोय. खालच्या वाडीचा झरा चैतातबी आटत न्हाय.”

भूजलशास्त्राच्या एका प्रकरणाचा ऐवज त्यांनी दोन वाक्यांत सांगितला होता. जांभ्याची भोकं पावसाळाभर पाणी पितात. पाणी उतरत उतरत त्याखालच्या चिकट मातीपाशी अडतं, आडवं सरकतं आणि जिथं थर संपतो त्या कड्याच्या पोटातून झऱ्याच्या रूपाने बाहेर येतं. सह्याद्रीच्या पूर्व उतारावरच्या कितीतरी वाड्या याच उंचीवर, याच झऱ्यांपाशी वसल्या आहेत. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. क्षेत्र महाबळेश्वरला पाच नद्यांचा उगम मानतात. कृष्णा आणि कोयना या त्यांतल्या दोन, ज्या कराडला प्रीतिसंगमावर पुन्हा भेटतात. वेण्णाही तिथलीच, ती माहुलीला कृष्णेत येते. उरमोडी कासच्या परिसरातून उतरते, सातारा शहर कितीतरी पिढ्या कासच्या तलावाचं पाणी पितं आहे. वारणा चांदोलीच्या डोंगरांतून येते, जिथं झोळंबीच्या सड्यासारखे जांभ्याचे विस्तीर्ण माथे आहेत, आणि सांगलीला लागून हरिपूरला कृष्णेत मिसळते. हरिपूरच्या संगमावर उभं राहिलं तर समोरून जाणारं पाणी या सगळ्या गंजक्या माथ्यांवरून आलेलं असतं.

आणि नुसतं पाणीच नाही. माथ्यावरच्या दगडातून जे विरघळून गेलं, ते कॅल्शियम, ते मॅग्नेशियम, ती सिलिका, तीच खालच्या काळ्या मातीची घडण आहे. काळी माती बसाल्टचीच, जांभाही बसाल्टचाच. वर पाऊस मुबलक आणि पाण्याला वाहून जायला उतार, म्हणून तिथं क्षार टिकले नाहीत, लोखंड राहिलं. पूर्वेला जतपर्यंत पोचेतो पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास येतो, जमीन सपाट होते, क्षार मातीतच राहतात आणि ती काळी, चिकट, ओल धरणारी होते. हरिपूरला जमिनीत खोल पेवं खणून हळद साठवायची जुनी रीत होती. २००५ च्या महापुरात ती पेवं पाण्याखाली गेली आणि फार नुकसान झालं. ती पेवं ज्या गाळात खणली होती तो गाळ कुणी आणला, याचा विचार लहानपणी हरिपूरला जाताना मला कधी शिवला नव्हता. सांगलीची हळद, वाळव्याचा ऊस, तासगावची द्राक्षं यांच्या मुळाशी जी जमीन आहे, तिचं आणि कासच्या उघड्याबोडक्या कातळाचं कूळ एकच. एकाने ठेवलं ते लोखंड, दुसरीकडे गेला तो कस.

कस निघून गेलेल्या त्या दगडावर काही उगवू नये, असंच कुणालाही वाटेल. नत्र नाही, आणि स्फुरद असलं तरी लोखंड आणि ॲल्युमिनियम त्याला घट्ट धरून ठेवतात, मुळांच्या हाती लागू देत नाहीत. मातीचा थर कुठं बोटभर, कुठं तेवढाही नाही. जून ते सप्टेंबर चिखल आणि डबकी, नोव्हेंबरपासून भाजून निघणारा कातळ. याच जमिनीवर कासला साडेआठशेहून अधिक जातींच्या फुलझाडांची नोंद झाली आहे. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ३९ स्थळांना जागतिक वारसा म्हटलं, त्यांत महाराष्ट्रातली चार. त्यांतलं कास, कोयना आणि चांदोली ही तीन आपल्या याच पट्ट्यातली, चौथं राधानगरी.

भाद्रपदात सड्यावर गुडघे टेकून बसावं. उभ्याने पाहिलं तर निळा-जांभळा गालिचा दिसतो आणि फोटो निघतो. बसलं की माणूस मोहरून जातो. सीतेची आसवं म्हणतात त्या निळ्या इवल्या फुलांचा देठ केसाएवढा, आणि खाली ओल्या मातीत त्याच्या मुळांच्या जागी सूक्ष्म फुगे असतात. पाण्यातला किडा त्या फुग्याच्या तोंडाला शिवला की पापणी लवायच्या कितीतरी आधी तो आत ओढला जातो. मातीत नत्र नाही, म्हणून हे झाड ते किड्यांकडून घेतं. शेजारीच दवबिंदू असतो, लाल पानांवर चिकट थेंब मिरवणारा. तोही किडेच खातो. पांढऱ्या गेंदांचे ठिपके पाण्याच्या पातळ थरातून वर आलेले. कातळातल्या उथळ डबक्यात वायतुरा. त्याच्या एका जातीचं शास्त्रीय नावच साताऱ्यावरून आहे. १९८२ साली तिची नोंद झाली. एका देठावर दोन फाटे फुटलेली तिची गुलाबी फुलोऱ्याची शेंडी डबक्यावर डोलत असते, आणि पाणी आटलं की सगळं झाड जमिनीखालच्या कंदात परत जातं.

दगडफुलाशेजारी एक बारीक गवत दिसतं. उन्हाळ्यात ते मेलेलंच वाटतं, चुरा होईल इतकं वाळलेलं. वळवाची एक सर आली की तेच पान हिरवं होतं. नवं पान फुटत नाही, जुनंच जिवंत होतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी पश्चिम घाटात अशा ६२ वनस्पती नोंदवल्या आहेत. दुष्काळात पिकं तगवायची असतील तर हे गुण समजून घ्यावे लागतील, आणि ते शिकण्याची शाळा दुष्काळी माण-खटावच्या पश्चिमेला दीड-दोन तासांवर आहे. चाळकेवाडी-ठोसेघरच्या बाजूला दगडांखाली राहणारी एक छोटी पाल २००८ मध्ये विज्ञानाला नव्याने कळली. तिच्याही नावात सातारा आहे. सड्यावरचा सुटा दगड हे कुणाचं तरी घर असतं. आपण तोच दगड उचलून नावं रचतो, चुली मांडतो.

एवढं असून सरकारी दप्तरात या जमिनीची ओळख काय? सातबाऱ्यावर बहुतेक सडे पोटखराबा म्हणून लागलेले असतात. ज्या जमिनीतून सारा येत नाही ती खराब, हा जमाबंदीचा जुना हिशेब. त्या एका शेऱ्यामुळे माथ्यावर काहीही करायला मोकळीक असल्याची भावना झाली. पवनचक्क्या आल्या. वाऱ्याची वीज चांगली आहे आणि ती हवी, पण प्रत्येक खांबासाठी जांभ्यात खोल पाया, प्रत्येक पायापर्यंत अवजड गाडी जाईल असा रस्ता, आणि त्या रस्त्याच्या कडेला वळलेलं पाणी. वनकुसवड्यापासून गुढे-पाचगणीपर्यंत ते ओरखडे दिसतात. मग प्लॉट पडले, रिसॉर्ट आले. आणि सर्वांत वाईट वाटतं ते चांगल्या मनाने केलेल्या वृक्षारोपणाचं. उजाड माळ दिसला की आपल्या मनात आधी झाड येतं. सड्यावर जेसीबीने खड्डे फोडायचे, खालून डंपरने माती आणून भरायची, रोपं लावायची, आणि फोटो काढायचा. त्यातली बहुतेक रोपं मरतात. जी जगतात ती सावली धरतात, पालापाचोळा साचवतात, आणलेल्या मातीतून रानगवत पसरतं, आणि उन्हात, कोरड्या कातळावर, कसहीन जमिनीतच जगायला शिकलेली ती इवली झाडं संपतात. सडा म्हणजे तोडलेलं जंगल नव्हे. तिथं जंगल कधी नव्हतंच.

कासलाही चुका झाल्या आणि सुधारल्या गेल्या, ही आशेची गोष्ट आहे. फुलं वाचवायची म्हणून पठाराला जाळीचं कुंपण घातलं होतं. गुरांचं चरणं थांबलं, उंच गवत माजलं, आणि गुरांच्या खुरांखाली, तोंडाखाली जे लहानगं जगत होतं त्याची जागा आवळत गेली. पुढे ती जाळी काढली. हंगामात दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा घातली, आणि व्यवस्था आसपासच्या गावांच्या समितीकडे आली. ज्यांची गुरं तिथं चरत होती त्यांच्याच हाती राखण देणं हे मला कुठल्याही कुंपणापेक्षा शहाणपणाचं वाटतं. डॉ. अपर्णा वाटवे यांच्यासारख्या अभ्यासकांनी वर्षानुवर्षं उत्तर पश्चिम घाटातले आणि कोकणातले सडे पालथे घालून सांगितलं आहे की कास हा एकच सडा नाही. असे माथे पुष्कळ आहेत, प्रत्येकाचं वाण वेगळं आहे, आणि बहुतेकांना कसलंच संरक्षण नाही. एका कासला वारसा म्हणून बाकीचे वाऱ्यावर सोडले तर तो वारसा अपुराच.

महसूल खात्याने सड्याची स्वतंत्र नोंद करायला हवी, पोटखराब्यातून वेगळी, आणि त्या नोंदीत खालच्या गावांचे झरेही लिहायला हवेत. हे काम अवघड नाही; तलाठी, वनरक्षक आणि गावातली जुनी माणसं एकत्र बसली तर एका उन्हाळ्यात तालुक्याची यादी होईल. तोवर जे आपल्या हातात आहे ते करू. कासला गेलात तर पायवाट सोडू नका आणि सुटे दगड हलवू नका. तुमच्या गावाच्या माथ्यावर सडा असेल तर पावसाळ्यात एकदा गुडघे टेकून तो पाहा, मुलांना दाखवा. आणि ग्रामसभेत कुणी सड्यावर झाडं लावण्याचा ठराव मांडला, तर उठून सांगा: झाडं खालच्या उतारावर लावा, ओढ्याकाठी लावा, गावठाणात लावा, माथा आहे तसा राहू द्या.